बारा वर्षांचं भूत आणि अकरा महिन्यांचा कागद

आपल्या इंदापूरच्या एका ग्रुपवर परवा तोच मेसेज पुन्हा फिरला. "भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं. सुप्रीम कोर्टाचा निकाल. घरमालकांनो सावध व्हा!" खाली अंगठ्यांची रांग. आणि एका जाणत्या माणसाची कमेंट, "म्हणूनच मी वरचा मजला कुलूप लावून ठेवलाय."

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल. हा मेसेज खोटा आहे, आणि आपण तो पुढे ढकलतो कारण आपली स्वतःची चूक त्याच्याआड लपते.

आधी निकालाचं बघू. ७ ऑगस्ट २०१९ ला सुप्रीम कोर्टाने प्रतिकूल कब्जाबद्दल निकाल दिला. मूळ मालकाला न जुमानता, उघडपणे, स्वतःची मालकी सांगत बारा वर्षं सलग कब्जा ठेवला, तर त्या जोरावर स्वतःहूनही दावा लावता येतो, एवढाच त्याचा मथितार्थ. बारा वर्षांची मुदत काही नवी नाही, १९६३ च्या मुदत कायद्यातच आहे. भाडेकरू मात्र तुमच्या परवानगीने राहतो. परवानगीचा कब्जा नुसती वर्षं मोजून प्रतिकूल होत नाही. बारा काय, बावीस वर्षं राहिला तरी तो भाडेकरूच.

मग ही भीती येते कुठून? ती घराची नाहीच, रानाची आहे. आपल्या आज्यापणज्यांनी कुळकायदा बघितलाय. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार ठरली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात घाम गाळला त्यांना न्याय मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण मालकांच्या घरात "कूळ लागेल" हा शब्द तेव्हापासून घर करून बसला. त्यात आपल्या तालुक्यात वालचंदनगर भागातले खंडकरी. आजोबांनी कारखान्याला खंडाने दिलेली जमीन १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेली, आणि ती परत मागता मागता नातवंडांचे केस पिकले. दिलेलं परत येत नाही, हे आपण असं शिकलो. पण कुळकायदा शेतजमिनीचा. तुमच्या दोन खोल्यांना तो लागत नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे मी कुणाला शहाणपण शिकवतोय असं वाटायला नको. घरामागच्या दोन खोल्या मी एका ओळखीच्या माणसाला दिल्या. तोंडी. "आपल्यातलाच आहे, कागद कशाला?" तीन वर्षं भाडं रोख आलं, मीही पावती दिली नाही. खरं कारण सांगू? भाडं कुठे दिसू नये हेच मला सोयीचं होतं. चौथ्या वर्षी त्याचं काम गेलं आणि भाडं थांबलं. पोराच्या लग्नासाठी मला खोल्या हव्या होत्या. हा हलेना. मी चिडून पाण्याचा कॉक बंद केला. दोन दिवस त्याची बायको शेजारून हंडे वाहत होती आणि मी ओसरीवरून बघत होतो.

वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलं मलाच झापलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पाणी-वीज तोडणाऱ्या मालकाला शिक्षा आहे. आणि कलम ५५ वाचून दाखवलं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे मी तीन वर्षं माझ्याच हाताने त्याची बाजू भक्कम करत होतो! शेवटी चार माणसांत बसून सात महिन्यांचं भाडं सोडलं, तेव्हा खोल्या मोकळ्या झाल्या.

कागद असता तर? लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला तर त्यातला मजकूर हाच निर्णायक पुरावा. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळाची दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर, डिपॉझिटचं मानीव व्याज धरून, पाव टक्का. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. आपण चावडीवर चहापाण्याला याहून जास्त घालवतो. (हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या शहरांचा आहे. तुमच्या गावठाणातल्या घराला कोणता लागतो ते वकिलाला आधी विचारा, भांडण झाल्यावर नको.)

काहीजण म्हणतील, कोर्टकचेरीपेक्षा चार पोरं पाठवली की काम होतं. करून बघा. मालकी तुमची असली तरी कायद्याची वाट सोडून बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून कब्जा परत मिळवू शकतो. तेव्हा मालकी कुणाची हा प्रश्नच कोर्ट विचारत नाही. पोरांची मिरवणूक निघते, आणि भाडेकरू परत खोलीत.

आता सरकारला दोन शब्द. केंद्राच्या मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. लेखी करार सक्तीचा, घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, मुदतीनंतर राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं, आणि वादासाठी उपजिल्हाधिकारी दर्जाचा भाडे प्राधिकारी. स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलंय. तो सगळाच्या सगळा घ्या असं मी म्हणत नाही. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण काढून घ्यायला माझा विरोध आहे. पण वाद तालुक्याजवळ मिटावा ही त्यातली गोष्ट घ्यायला काय हरकत? इंदापूरच्या माणसाने दोन खोल्यांसाठी पुण्याला सव्वाशे-दीडशे किलोमीटर का जावं? प्रांताधिकारी बारामतीला बसतात. महिन्यातून दोन दिवस त्यांच्याकडे भाड्याचे वाद ठेवा, निकालाला मुदत घाला.

आणि हे फक्त मालकांसाठी मागत नाही. एमआयडीसीत लागलेला मुलगा, भिगवणला बदली झालेली नर्स, बारामतीला शिकायला आलेली पोरगी, यांनाही हा कागद हवा असतो. गॅस, बँक, पत्त्याचा पुरावा, सगळं त्यावर अडतं. आपण तो देत नाही, डिपॉझिट मात्र गिळतो. खोली दाखवण्याआधी आडनाव विचारतो आणि आडनाव आवडलं नाही की "पाहुणे येणारेत" म्हणतो. वर गळा काढतो की भाडेकरू चांगला मिळत नाही!

त्या वरच्या मजल्याच्या मालकाला एवढंच सांगणं, दादा, तुमचं घर भाडेकरूने बळकावलेलं नाही, एका फॉरवर्डने बळकावलंय. कुलूप काढा, करार नोंदवा, पावती द्या.

माझ्या त्या दोन खोल्यांत आता एक शिक्षक कुटुंब राहतं. करार नोंदवलाय, एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात. पाण्याचा कॉक मी त्यांच्या बाजूला बसवून घेतलाय.