काळ्या तेलाचा हिशेब

जुन्या टू-स्ट्रोक रिक्षेचे तेल पेट्रोलबरोबरच जळून जाई. फोर-स्ट्रोकमध्ये ते इंजिनातच राहून काळे पडते आणि बदलावे लागते. सिंथेटिक तेल महाग खरे, पण उष्णतेत अधिक टिकते. तथापि उत्पादकाने सांगितलेली मुदत ओलांडणे ही काटकसर नव्हे. किहीमसारख्या गावी प्रश्न त्याहून निराळा आहे: काढलेले तेल जाते कोठे? वाडीच्या कडेला ओतले, तर रेताड जमिनीतून ते विहिरीकडे झिरपणारच. २०१६ च्या नियमांनुसार असे तेल घातक कचरा ठरते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे. पण डबाभर तेल घेऊन बिचाऱ्या रिक्षाचालकाने हिंडावे कोठे? ग्रामपंचायतीने रिक्षाथांब्यापाशी झाकणाचे पिंप ठेवावे आणि ते नियमित उचलण्याचा करार करावा. वापरलेल्या तेलालाही किंमत येते, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही.