भ्रमणध्वनीचे जाळे आणि आपले कर्तव्य

दळणवळणाचा मार्ग आपल्या दाराशी यावा असे वाटत असेल, तर त्यासाठी स्वतःही काही झीज सोसावी लागते, ही गोष्ट इंदूर शहरास नवीन नाही. १८७० साली महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा ते इंदूर ह्या लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने व १०१ वर्षांच्या मुदतीने, कर्जाऊ देऊ केले. शिवाय जमीन विनामूल्य दिली. त्या मार्गाने माळव्याचा माल मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. आज आपल्या व्यापाराचा तसाच एक मार्ग डोळ्यांस न दिसणाऱ्या लहरींचा आहे. त्याच्या सध्याच्या स्थितीविषयी चार शब्द सभासद बंधुभगिनींपुढे मांडावेत, असे आम्हांस वाटते.

भाव विचारणे, मालाचा नमुना दाखविणे, वाहतुकीची चौकशी करणे ही कामे भ्रमणध्वनीवर होऊ लागली त्यास आता बराच काळ लोटला. २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाल्यापासून तर रोकडही त्याच वाटेने येऊ लागली. म्हणजे 'रेंज गेली' ही तक्रार पूर्वी गैरसोयीची होती, ती आता थेट गल्ल्याची झाली आहे. गेल्या दिवाळीपूर्वी एका सायंकाळी आमच्या पेढीवर एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी कापडाची रक्कम भ्रमणध्वनीवरून भरली. त्यांच्या खात्यातून पैसे वजा झाले. आमच्या गल्ल्यावरील यंत्र मात्र मुके राहिले. त्या खऱ्या होत्या आणि आम्हीही खोटे नव्हतो. परंतु पंधरा मिनिटे उभयतांच्या मध्ये संशय उभा होता. पुढे कळले की रक्कम त्याच क्षणी जमा झाली होती, वर्दी तेवढी पोहोचली नव्हती. तीस वर्षांच्या ओळखीत आलेला तो पंधरा मिनिटांचा अवघडलेपणा आम्ही अद्याप विसरलो नाही.

ह्यावर उपाय म्हणून, चारचौघांचे पाहून, आम्हीही छतावर एक 'बूस्टर' बसविला. आमची रेंज सुधारली आणि आम्ही निश्चिंत झालो. काही दिवसांनी गल्लीतील इतर दुकानदार कुरकुरू लागले की त्यांचे बोलणे मध्येच तुटते. तपासणीस आलेल्या एका अभियंत्याने कारण दाखविले, ते आमचेच यंत्र होते! तोपर्यंत दोष केवळ कंपन्यांचा, असे आम्ही ठासून म्हणत होतो, हे येथे कबूल करणे भाग आहे.

ह्यातील शास्त्र समजण्यास कठीण नाही. टॉवर मोठ्या शक्तीने बोलतो, परंतु त्याला आपल्या हातातील यंत्राचे क्षीण बोलणे ऐकावयाचे असते. फोर-जी भ्रमणध्वनीची प्रक्षेपणशक्ती फार तर एक पंचमांश वॉट असते. अशा वेळी शेजारच्या छतावरील बेकायदा बूस्टर अखंड गोंगाट करीत राहिला, तर टॉवरचे कान बधिर होतात आणि त्याच्या टापूतील साऱ्यांचे संभाषण बिघडते. लिलावाच्या वेळी प्रत्येकजण मोठ्याने ओरडू लागला तर कोणाचीच बोली ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार होय. परवानगीवाचून असे यंत्र वापरणे कायद्यानेही निषिद्ध आहे.

दुसरा मुद्दा क्षमतेचा. पडद्यावर रेंजच्या साऱ्या रेघा दिसतात, तरी व्यवहार पुढे सरकत नाही, हा अनुभव सर्वांस आहे. रेघा लहरींचे बळ सांगतात. त्या लहरींवर किती जण स्वार आहेत हे सांगत नाहीत. आपला सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाद्यपदार्थांचा बाजार आहे. रंगपंचमीच्या गेरला राजवाड्यापाशी जमणाऱ्या गर्दीविषयी तर सांगावयासच नको. टॉवर तेच, परंतु त्यांच्यावरील भार प्रहराप्रहराने पालटतो.

ह्यावरचा उपाय १९४७ सालीच अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुचविला गेला होता. प्रदेशाचे लहान लहान कोष्ठ पाडावे आणि तीच लहर थोड्या अंतरावर पुन्हा वापरावी, असे त्याचे सूत्र आहे. कोष्ठ जितके लहान, तितकी अधिक माणसे त्याच लहरींवर सामावतात. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी होत्या, तशाच ३३०० मेगाहर्ट्‌झच्याही होत्या. पहिल्या दूरवर जातात आणि भिंती भेदतात, पण त्यांच्यावर ओझे थोडे मावते. दुसऱ्या पुष्कळ ओझे वाहतात, पण जाड भिंतीशी थबकतात. तेव्हा आपल्या जुन्या गल्ल्यांना दूरच्या उंच मनोऱ्यापेक्षा जवळजवळ बसविलेल्या लहान केंद्रांची गरज अधिक आहे. आणि अशी केंद्रे कोठे बसणार? आपल्याच छतांवर!

येथे किरणोत्सर्गाच्या भयाने पुष्कळ घरमालक मागे सरतात. त्यांच्या शंकेची थट्टा करणे आम्हांस मान्य नाही. परंतु २०१२ साली आपल्या देशाने टॉवरच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा घातली, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. शिवाय टॉवर जितका दूर, तितकी कानाशी धरलेल्या यंत्राला अधिक शक्ती लावावी लागते, हेही विसरू नये.

आता कोणी म्हणेल की, पैसे कंपन्या घेतात आणि कर्तव्य मात्र आम्ही करावयाचे काय? आक्षेप रास्त आहे. सेवेची पहिली जबाबदारी कंपन्यांचीच होय. तुटणाऱ्या कॉलांचे प्रमाण दोन टक्क्यांवर जाऊ नये, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे. परंतु ह्या खात्याच्या हिशेबात मध्य प्रदेश व छत्तीसगढ मिळून एकच क्षेत्र धरले जाते. दोन राज्यांची सरासरी उत्तम निघाली तरी आपली एक गल्ली कोरडी राहू शकते. सबंध वखारीच्या सरासरीने एका पोत्यातील कीड दिसत नाही, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? म्हणून संघाने गल्लीगल्लीची मोजणी मागितली पाहिजे. कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे प्रसिद्ध करावेत असे २०२४ चे नियम सांगतात. ते नकाशे प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याचे काम आपण करू शकतो. प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई देण्याचा प्राधिकरणाचा नियम मात्र सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. कॉल तुटण्यास काही अंशी ग्राहकाकडील कारणेही असतात, ही गोष्ट त्या निकालात विचारात घेतली गेली होती. छतावर बूस्टर ठेवून भरपाई मागणारा वादी किती दुबळा ठरतो, हे ह्यावरून उमगावे.

आमच्या सूचना चारच आहेत. बेकायदा बूस्टर प्रत्येकाने स्वतःहून उतरवावा. आम्ही आमचा उतरविला आहे. लहान केंद्रांसाठी छत मागितले गेल्यास संघाच्या मध्यस्थीने वाजवी भाड्यात द्यावे. अडवणूक करू नये. दुकानातील कॅमेरे, हिशेबाचे संगणक यांसारखी जी यंत्रे जागची हलत नाहीत ती तारेच्या जोडणीवर घ्यावी आणि लहरी हिंडत्याफिरत्यांसाठी मोकळ्या ठेवाव्या. चौथी सूचना अशी की, तक्रार करताना स्थळ, दिवस व वेळ टिपून संघाच्या कार्यालयात एका वहीत नोंदवावी. शंभर जणांची नोंद एकाच्या आरडाओरडीपेक्षा वजनदार असते.

२०१७ पासून २०२३ पर्यंत स्वच्छतेत इंदूरने सतत पहिला क्रमांक राखला, शेवटच्या वर्षी सुरतेच्या जोडीने. ते यश एकट्या नगरपालिकेचे नव्हे. ओला व सुका कचरा आपल्याच उंबरठ्यावर निराळा करण्याची सवय ज्या दुकानदारांनी व गृहिणींनी लावून घेतली, त्यांचेही ते आहे. गल्लीतील कचरा डोळ्यांस दिसत होता, लहरींतील दिसत नाही, एवढाच काय तो भेद. जे न दिसणारे आहे त्याचीही निगा ह्याच शहराने राखून दाखवावी, आणि त्याचा आरंभ आपल्या बाजारापासून व्हावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.