आधी टेप, मग इंजिन

१९५० च्या सुमाराची शेव्हरोले ३१०० पिकअप बाजूने पाहिली की नजर तिच्या गुबगुबीत मडगार्डावर थांबते. त्या मडगार्डाच्या कमानीत पुढचे चाक अगदी मधोमध बसलेले असते. ते दोन इंच जरी पुढे-मागे सरकले, तरी मोटारीतले काही न कळणाऱ्यालाही गाडीचे काहीतरी चुकले आहे एवढे कळते. अमेरिकेत अशा जुन्या पिकअपची केबिन, हौदा आणि मडगार्डे उचलून नव्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या चासीवर चढवण्याचा उद्योग हौशी लोक वर्षानुवर्षे करत आले आहेत. जिची चासी घ्यायची, त्या गाडीला तिकडे ‘डोनर’ म्हणतात. ही डोनर पाहायला गेलेला हौशी माणूस सहसा आधी बॉनेट उघडतो. आमच्या मते त्याने आधी खिशातला टेप काढावा.

मुळात हा खटाटोप का, तर या पिढीतल्या ३१०० ला कंपनीने फोर-व्हील-ड्राइव्ह कधी दिलेच नव्हते. ज्याला ते हवे, तो मिनियापोलिसच्या नॅपको कंपनीचा संच बसवून घेई. शेव्हरोलेने तोच संच १९५७ पासून कारखान्यातून मिळण्याची सोय केली, तेव्हा या पिढीतल्या गाड्यांचे उत्पादन थांबले होते. नॅपकोचे जुने संच आज दुर्मीळ आणि महाग. मग अख्खी तयार चासीच शोधणे ओघाने आले.

३१०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर, ११६ इंच. २००० ते २००६ मधल्या शेव्हरोले टाहोचा व्हीलबेसही नेमका ११६ इंच. हा योगायोग फार मोहात पाडणारा आहे. चासी कापायला नको, जोडायला नको, शिवाय वर दणकट व्ही-८ इंजिन. पण टाहो रुंद गाडी आहे. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर साधारण ६५ इंच, त्यामुळे जुन्या मडगार्डांखालून टायर बाहेर डोकावतात. आत बसणाऱ्या रिमा घालून थोडे सावरता येते, सगळे नाही. आणि व्हीलबेस जुळला म्हणजे सगळे जुळले असेही नाही. पुढच्या ॲक्सलपासून केबिनच्या पुढच्या भिंतीपर्यंतचे अंतर वेगळे मोजावे लागते. ते जुळले नाही तर चाक कमानीत आणताना केबिन मागे-पुढे होते, इंजिन भिंतीला भिडते आणि मग पत्रा कापण्याचे काम सुरू होते. हे काम एकदा सुरू झाले की लवकर संपत नाही.

एस-१० या लहान शेव्हरोले पिकअपची गोष्ट उलटी. ती अरुंद, म्हणून टायर मडगार्डाच्या आत राहतात. लांब हौद्याच्या साध्या केबिनवाल्या एस-१० चा व्हीलबेस ११७.९ इंच, म्हणजे फरक दोन इंचांहूनही कमी. वाढीव केबिनवालीचा मात्र १२२.९, तिथे सुमारे सात इंच चासी कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. चासीचे वेल्डिंग हे खिडकीच्या ग्रिलचे वेल्डिंग नव्हे. हात बसलेला कारागीर नसेल तर ही गाडी सोडून द्यावी. शिवाय एस-१० हलक्या कामासाठी बांधलेली. फिरायला, क्वचित कच्च्या रस्त्याला ठीक, पण हौद्यात वाळू भरायची असेल तर नाही.

उरली १९७३ ते १९८६ ची चौकोनी तोंडाची के-१०. आखूड हौद्याच्या के-१० चा व्हीलबेस ११७.५ इंच. पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे, जवळजवळ जुन्या ट्रकसारखीच रचना. १९८८ पासून कंपनीने पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर टाकली. रस्त्यावर ती जास्त सुखाची, पण पुढून वाकून पाहिले की जुन्या ट्रकखाली नव्या गाडीचे हातपाय दिसतात. ज्याला ते खुपते, त्याने के-१० घ्यावी. आम्हाला खुपते. एक तांत्रिक बारकावा इथे विसरू नये: या जुन्या चासीत पुढचा डिफरन्शियल उजवीकडे असतो, १९८८ नंतरच्यांत डावीकडे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एका गाडीतून आणि ॲक्सल दुसरीतून घेणाऱ्यांची फजिती इथेच होते. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे दाते वेगळ्या प्रमाणात असतील, तर डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावताच सगळी यंत्रणा एकमेकांशी झटापट करू लागते.

म्हणूनच सुटे भाग जमवण्यापेक्षा चालती गाडी घ्यावी. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांतली गाडी वरून चकाचक असली, तरी चासी गंजली नाही ना, हे हातोडी मारून पाहावे. ॲरिझोना-टेक्सासच्या कोरड्या हवेतल्या गाडीसाठी वाहतुकीचा खर्च सोसावा. तो परवडतो.

कागदपत्रांचा प्रश्न अमेरिकेतही आहेच. जुन्या केबिनचा क्रमांक एक, चासीचा दुसरा, आणि क्रमांकाची पट्टी परस्पर हलवणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, तेव्हा कामाला हात घालण्याआधी तिथल्या वाहन कार्यालयात विचारावे. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. पुण्या-नागपुरात हा प्रयोग हौसेचाच राहील. न्यू जर्सीत घरामागे गॅरेज असलेल्या मराठी माणसाला तो करता येईल.

त्याने पैसे देण्याआधी डोनर कच्च्या रस्त्यावर न्यावी. फोर-व्हीलचा दांडा किंवा बटण हाय, लो आणि परत, असे तिन्ही वेळा फिरवून पाहावे. मग गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून अंतरे घ्यावीत आणि ती खडूने जमिनीवरच लिहावीत. शेजारी जुन्या केबिनची मापे लिहावीत. दोन्ही मापांत किती बोटांचे अंतर उरते, ते पाहून घासाघीस सुरू करावी.