उशिराचाही हिशेब द्या

परदेशातल्या दुष्काळाला पाठवलेल्या मदतीवर सरकारने नजर ठेवावी, याबद्दल वाद नाही. पण ‘पै न् पैची खात्री पटल्याशिवाय मदत सुटता कामा नये,’ असंही त्याच दमात म्हटलं जातं. हे सोमालियात करून झालं आहे.

विरोधी बाजू लेचीपेची नाही. मार्च २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाने म्हटलं, की सोमालियाच्या अन्नमदतीपैकी निम्म्यापर्यंत धान्य कंत्राटदार, स्थानिक भागीदार आणि सशस्त्र गट मध्येच लाटतात. जागतिक अन्न कार्यक्रमाने तो आकडा नाकारला, पण गळती होती. अल-शबाब ही सशस्त्र संघटना मदत संस्थांकडून ‘कर’ उकळत होती. अमेरिकेने तिला २००८ मध्येच दहशतवादी ठरवलं होतं. करदात्याच्या पैशातून बंदुकीची गोळी विकत घेतली जाऊ नये, ही काळजी रास्तच आहे.

पण त्या काळजीपोटी काय झालं? अशा संघटनेला पाठबळ दिल्यास अमेरिकी कायद्यात १५ वर्षांपर्यंत कैद होती. अल-शबाबच्या नाक्यावर एका ट्रकमागे मोजावी लागलेली रक्कम हे ‘पाठबळ’ ठरेल का, याची धास्ती संस्थांनी घेतली. अमेरिकेची मदत झपाट्याने आटली. २०१० च्या अखेरीस पाऊस हुकला, इशारे येत राहिले. २० जुलै २०११ ला दक्षिण बकूल आणि लोअर शबेलेत भीषण दुष्काळ जाहीर झाला आणि पंधरवड्यात अमेरिकेने निर्बंध सैल केले. जे ऑगस्टमध्ये जमलं, ते जानेवारीत का जमलं नाही? ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २,५८,००० माणसं गेल्याचा अंदाज पुढे अभ्यासकांनी काढला. त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती.

‘दोष अल-शबाबचा,’ असं उत्तर येतं. तिचा दोष मोठा आहेच. तिने जागतिक अन्न कार्यक्रमावर बंदी घातली, नोव्हेंबर २०११ मध्ये आणखी १६ संस्थांना हाकललं. पण त्याच २०११ मध्ये रेड क्रॉस तिच्याच ताब्यातल्या भागांत धान्य वाटत होती. म्हणजे वाट अरुंद होती, बंद नव्हती. शत्रूने एक दार लावलं म्हणून आपण दुसरं लावून घ्यावं, याला दक्षता म्हणत नाहीत.

मदत न थांबवता तपासणी करता येते, हे आपण महाराष्ट्रातली माणसं जाणतो. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेचा मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आपण खाल्ला, कामावर मुलांना सुकडी मिळाली. दुष्काळी कामांच्या हजेरीपटावर खोटी नावं सापडत, चौकशा होत. पण म्हणून खडी फोडणाऱ्या बाईला ‘चौकशी संपेपर्यंत घरी बस’ असं कुणी सांगितलं नाही. हजेरीपट तपासायचा असतो, चूल विझवायची नसते.

मग तपासणी कशी हवी? उत्तर सोमालियातच सापडलं. २०११ च्या उत्तरार्धात संस्थांनी दक्षिणेत धान्याऐवजी रोख रक्कम आणि कुपनं द्यायला सुरुवात केली. गावाने केलेल्या यादीत बाईचं नाव, हवाला व्यापाऱ्याच्या खिडकीवर ओळख पटवून हातात पैसे, नंतर ‘किती मिळाले, कुणी वाटा मागितला का’ असं विचारणारा निरीक्षकाचा फोन. धान्य बाजारात व्यापारी आणतच होते. लोकांकडे पैसा नव्हता. गळती इथेही झाली, पण ती शोधता आली आणि मदत थांबली नाही. २०१७ च्या दुष्काळात पैसा लवकर आला, मोबाइलवरूनही पोचला आणि २०११ ची पुनरावृत्ती टळली. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने २६६४ क्रमांकाच्या ठरावाने मानवतावादी मदतीला मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून सूट दिली. एवढं शहाणपण यायला अकरा वर्षं लागली.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. तपासणी मदतीच्या बरोबरीने चालावी, तिच्या आधी आडवी पडू नये. मदतीचा परवाना देण्याला ठरावीक दिवसांची मुदत असावी. आणि चोरीला गेलेल्या पोत्यांचा हिशेब मागणाऱ्या सरकारने, गोदामात अडकलेल्या पोत्यांमुळे किती जीव गेले, तो आकडाही त्याच अहवालात, त्याच पानावर छापावा.