पांखरांचीं नांवें कोणीं ठेविलीं?

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. बातमी ऐकून आम्हांसही आनंद झाला. मायबोलीचा मान वाढलेला कोणास नको आहे? पण हा 'अभिजात' शब्द मोठा गमतीचा आहे. अभिजात म्हणजे चांगल्या कुळांत जन्मलेला, कुलीन. तेव्हां आमच्या भाषेस सरकारनें कुळाचा दाखला दिला असें झालें! कुळाच्या दाखल्यांनीं माणसांचें काय झालें तें आमच्या वाचकांस निराळें सांगणें नको. दाखल्यासाठीं जो पुरावा गोळा झाला त्यांत नाणेघाटांतील शिलालेख आहे, गाथासप्तशती आहे. पुरावा खरा आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. गाथेंत तर कुळवाड्यांचींच शेतें आणि खेड्यांतल्याच बायका आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पुराव्यासाठीं एवढ्या लांब जाण्याची गरज नव्हती. दारच्या झाडाकडे मान वर करून पाहिलें असतें तरी पुरें होतें.

उन्हाळ्यांत वडापिंपळावर बसून दिवसभर टुक् टुक् असा ठोका देणारें, कपाळावर लाल टिळा असलेलें हिरवें पांखरूं घ्या. त्यास तांबट म्हणतात. ज्यानें हें नांव ठेविलें त्याच्या कानांत हंड्याकळशांवर मठार पाडणारा हातोडा घुमत होता, यांत शंका नाहीं. पानाच्या कडांस चोंचीनें भोंकें पाडून, कापसाचा नाहींतर कोळिष्टकाचा धागा ओवून पान शिवणारा तो शिंपी. खोडावर पटाशी चालविणारा तो सुतार. नदीकांठच्या दगडांवर शेपटी वरखालीं आपटणारा तो धोबी. हा आमचा हिंवाळ्याचा पाहुणा. घरट्याच्या आसपास कावळा कीं घार दिसली कीं तिच्या पाठीस लागून हुसकून लावणारा तो कोतवाल. त्याच्या भरंवशावर त्याच झाडावर होले आणि बुलबुल निर्धास्त घरटीं बांधतात. (आमच्या गांवांतले खरे कोतवाल असे असते तर!) सुगरणीचा प्रकार मात्र उलटा. तें लोंबतें सुंदर घरटें विणतो नर, आणि नांव पडलें सुगरण. पुरुषाच्या कष्टाचें श्रेय बाईस मिळाल्याचें जगांत एवढें एकच उदाहरण आमच्या पाहण्यांत आहे.

सारी बलुतेदारांची आळीच ही! कोणा पंडितानें लोडाशीं टेकून हीं नांवें पाडलीं नाहींत. ज्यांचे हात कामांत होते आणि डोळे उघडे होते त्यांनीं आपल्याच धंद्याचीं नांवें पांखरांस दिलीं. शेजाऱ्यास आपण असेंच नांव देतों.

आतां दुसरी बाजू पहा. अंगानें काळाभोर, पंख भाजलेल्या विटेच्या रंगाचे, कुंपणाखालून डुलत चालणारा एक पक्षी आहे. खेड्यांतून त्यास कुंभार कावळा म्हणतात, कोठें सोनकावळा म्हणतात. पुस्तकांत गेल्याबरोबर तो भारद्वाज झाला! ऋषीचें नांव वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण विटेचा रंग पाहून ज्यास कुंभार आठवला त्याचें नांव शाळेच्या दाराबाहेर कां राहावें? पोरगें घरीं येऊन आजीस सांगतें कीं, 'हा कुंभार कावळा नव्हे, भारद्वाज आहे,' आणि आजी बिचारी गप्प बसते. दहा शाळा काढून जें साधणार नाहीं तें ज्ञान त्या गप्प बसण्यांत बुडतें, आणि कोणास त्याचें कांहीं वाटत नाहीं.

उलट उदाहरणही आहे. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यांत नोकरीस होते. त्यांनीं रानांत राहणाऱ्या माणसांपाशीं बसून पांखरांचीं नांवें विचारलीं, टिपलीं, आणि त्यांचा पक्षिकोश केला. २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली व त्याच सालीं १८ जून रोजीं ते वारले. ज्यांस लोक अडाणी म्हणतात त्यांस गुरु करण्याची लाज त्यांस वाटली नाहीं. असे सरकारी नोकर आणखी दहा निघाले असते तर बरें झालें असतें.

भाषा आणि पांखरांची मैत्री यांचा संबंध केवळ नांवापुरता आहे असें कोणी समजूं नये. आफ्रिकेंत मोझांबिक देशांत याओ नांवाचे लोक रानांतला मध काढतात. तेथें एक लहान रानपांखरूं आहे. तें माणसास पोळ्यापाशीं घेऊन जातें. माणूस धूर करून पोळें काढतो, मध आपण घेतो, मेण व अळ्या पांखरास मिळतात. कोणीं कोणास पिंजऱ्यांत घातलेलें नाहीं, पगार नाहीं, करार नाहीं. याओ लोक त्या पांखरास बोलवावयास ओठ थरथरवून शेवटीं हुंकार दिल्यासारखा एक आवाज काढतात. तो त्यांस बापाकडून येतो. २०१६ सालीं संशोधकांनीं मोजून पाहिलें. इतर कोणताही आवाज केला असतां शेंकडा सुमारें १६ वेळां पोळें सांपडे, आणि ही हांक दिली असतां ५४ वेळां. पुढें टांझानिया देशांतल्या हाड्झा लोकांत पाहिलें, तर ते हुंकार देत नाहींत, शीळ घालतात. आणि तेथलें तेंच पांखरूं त्या शिळेस ओ देतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, परक्या मुलखाच्या हांकेपेक्षां आपल्या मुलखाच्या हांकेस पांखरें कितीतरी अधिक येतात.

एवढेंसें पांखरूं जेथें राहतें तेथली बोली शिकतें. आमच्या राज्यकर्त्यांस मात्र हें शिकवावें लागतें! १६ एप्रिल २०२५ च्या ठरावानें पहिलीच्या पोरांवर हिंदी सक्तीची केली. लोक उठले, आणि २९ जून रोजीं सरकारास माघार घ्यावी लागली. हिंदीशीं आमचें वैर नाहीं. बाजारांत, गाडींत, गिरणींत आमच्या लोकांनीं ती कोणाच्या ठरावावांचून शिकून घेतली आहे. पण सहा वर्षांचें लेकरूं अजून आपल्या बांधावरच्या झाडाचें नांव नीट सांगूं शकत नाहीं, तोंच त्यावर ओझें चढविण्याची घाई कोणाच्या सोयीसाठीं? आणि मराठीच्या बाजूनें जे ओरडले त्यांसही आमचें विचारणें आहे: तुमच्या मराठींत कुंभार कावळा बसतो काय?

मैत्रीचें म्हणावें तर तिच्यांत आणि दानांत अंतर आहे. मुंबईंत २०२५ सालीं कबुतरखान्यांवरून केवढी रणधुमाळी झाली! पोत्यांनीं दाणे ओतले कीं पुण्य ओतणाऱ्यास आणि खोकला शेजाऱ्यास. कावळ्याचें तसेंच. वर्षभर ढेंकूळ मारावयाचें, आणि पिंडाच्या दिवशीं हात जोडून 'ये बाबा, शीव' म्हणावयाचें. त्यास मैत्री म्हणत नाहींत. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरांत संशोधकांनीं मुखवटे घालून कावळे पकडले, तर पुढें कित्येक वर्षें तो मुखवटा दिसला कीं कावळे आरडाओरड करीत. ढेंकूळ कोणीं मारलें हें आमचाही कावळा विसरत नसेल.

खरी ओळख नांगरामागें होते. तास फिरतो तसे बगळे आणि साळुंक्या मागून चालतात, हुमणी वेंचतात. बैलाच्या पायांत आल्या तरी भीत नाहींत. हरभऱ्यांत जुने लोक ज्वारीचीं चार ताटें राहूं देत. त्यावर कोतवाल बसतो आणि घाटेअळी टिपतो. आतां कृषिखातें तेंच 'पक्षीथांबे' म्हणून सांगतें; चांगलें सांगतें, ऐकावें. न ऐकल्यास काय होतें तें चीनच्या सरकारनें पाहिलें आहे. १९५८ सालीं चिमणी दाणे खाते म्हणून ती शत्रु ठरविली. थाळ्या बडवून लाखों चिमण्या दमवून मारल्या. किडी मोकाट सुटल्या, आणि दुष्काळाच्या त्या सालांत हाही घाव पिकांवर बसला. १९६० सालीं चिमणीचें नांव यादींतून काढून तेथें ढेंकणाचें घातलें.

आमच्या वाचकांनीं एक करावें. आपल्या गांवीं ज्या पांखरास जें नांव असेल तें घरांतल्या म्हाताऱ्या माणसास विचारून एका कार्डावर लिहून आमच्याकडे पाठवावें. नुसतें नांव नको. रंग, शेपटी, काय खातें, कोणत्या महिन्यांत दिसतें, आणि तें नांव कां पडलें, इतकें असावें. गांवाचें व तालुक्याचें नांव स्पष्ट लिहावें. एकाच पांखराचीं दोन गांवांत दोन नांवें आलीं तर आम्ही दोन्ही छापूं.