भाषण बाहेर, सवत घरात



आफ्रिकेच्या कादंबऱ्यांबद्दल आपल्यात बोलणं निघालं की गुलामी, गोरा मालक, काळ्यांचा लढा एवढंच निघतं. घराचं दार कोणी उघडत नाही. मला त्या दारातूनच आत जायचंय. कारण तिथं सवत आणणारा दादला नेहमी जमीनदार नसतो, मौलवी नसतो. कधी कधी तो चक्क युनियनवाला असतो.

मी मॅट्रिक. गोदीत माल चढवतो-उतरवतो, डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी वाचतो. उस्मान सेम्बेन मी पहिला वाचला तो तो गोदीतला म्हणून. सेनेगलचा हा माणूस फ्रान्सच्या मार्सेय बंदरात गोदी कामगार होता. १९५६ साली त्याची पहिली कादंबरी आली, तिचं नावच 'काळा गोदी कामगार'. पण मला सांगायचंय ते त्याच्या 'खाला' (१९७३) ह्या कादंबरीचं. खाला म्हणजे मर्दानगी जाण्याचा शाप. त्यातला एल हाजी आधी शाळामास्तर, युनियनच्या कामापायी नोकरीवरून काढलेला. स्वातंत्र्य येतं, हा बडा व्यापारी होतो. डाकारच्या चेंबर ऑफ कॉमर्सवर काळा अध्यक्ष बसतो, जल्लोष होतो, आणि त्याच दिवशी हा तिसरी बायको करतो. नवरी त्याच्या पोरीच्या वयाची. युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी रामा तोंडावर विरोध करते, बाप तिच्या थोबाडीत मारतो. पहिल्याच रात्री त्याची मर्दानगी जाते. शाप घालणारा शेवटी निघतो एक भिकारी, ज्याची जमीन ह्यानेच लाटलेली असते. जमीन लाटणारा हात आणि तिसरी बायको आणणारा हात एकच. हे सेम्बेन दाखवतो, भाषण न करता.

त्याच देशातली मारियामा बा. तिची पहिली कादंबरी 'इतकं लांब पत्र' १९७९ सालची, त्यावर १९८०चं पहिलं नोमा पारितोषिक मिळालं. १९८१ला बाई वारली. त्यातली रामातुलाय शाळेत शिकवते, बारा लेकरांची आई. नवरा मोदू कामगार संघटनांचं काम करत करत सरकारी सल्लागार झालेला. हा आपल्या पोरीच्या मैत्रिणीशी, बिनतूशी, निकाह लावतो. बायकोला सांगायला स्वतः येत नाही, इमाम, भाऊ आणि दोस्त यांना पाठवतो. दोघांच्या बचतीतून घेतलेलं घर गहाण टाकून नवीसाठी बंगला घेतो. आणि बिनतूची शाळा सुटते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सवत म्हणून आलेली पोरही लुटलेलीच असते. दोघींना झुंजवत ठेवलं की दादला सुटला.

आता जातीचं ऐका. जात फक्त हिंदुस्थानात, असं समजणाऱ्यांनी तर नक्की ऐका. रामातुलायची मैत्रीण आयसातू सोनाराची लेक. हा आपल्या पेठेतला दागिनेवाला सोनार नव्हे. तिथं कारागिरांच्या जाती खालच्या, त्यांच्याशी सोयरीक नको. तिचा नवरा डॉक्टर, खानदानी घराण्यातला. प्रेमाने लग्न केलेलं. सासूला सोनारीण सोसत नाही. ती भावाची पोरगी आणून वाढवते, शिकवते आणि मुलाच्या गळ्यात बांधते. डॉक्टरसाहेब आईचा शब्द मोडवत नाही म्हणून दुसरी बायको करतात! म्हणजे इथं सवत हे जातीचं हत्यार आहे. आयसातू रडत बसत नाही. चिठ्ठी लिहिते, चार मुलगे घेऊन बाहेर पडते, शिकते, दुभाषी होते, अमेरिकेतल्या वकिलातीत नोकरी करते.

नायजेरियाच्या बुची एमेचेटाची 'देज' (१९७६) हेच सांगते. आकुन्ना गुलामांच्या वंशातल्या मास्तरवर प्रेम करते, पळून जाऊन लग्न करते. पोराच्या बापाकडे पैसा आहे, पण तिचा चुलता देज घेतच नाही. ह्याच चुलत्याने भावाच्या मरणानंतर तिच्या आईला आपल्या बायकांत भरती केलेलं असतं. भावाची विधवा चालते, गुलामाचा पोरगा चालत नाही.

काहीजण म्हणतील, ही त्यांची संस्कृती, गोऱ्यांनी बदनाम केली. मग एमेचेटाचीच 'आईपणाचं सुख' (१९७९) वाचा. गावात प्रत्येक बायकोची झोपडी वेगळी. लागोस शहरात सगळ्यांना मिळून एक खोली. नवरा न्नाइफे गोऱ्या साहेब-मडमेचे कपडे धुतो, घरात मात्र राजा. भाऊ मेल्यावर त्याची विधवा अडाकू वारशात येते, ह्याच खोलीत. दोघी सवती एकदा संपही करतात : खर्चाला पैसे पुरे दे, नाहीतर चूल बंद. पोरं उपाशी म्हणून संप फुटतो. शहराने परंपरेतलं बाईच्या सोयीचं तेवढं खाल्लं, पुरुषाच्या सोयीचं शाबूत ठेवलं. अडाकूला मुलगा नाही म्हणून जातवाले तिलाच दोषी ठरवतात. ती निघून जाते, बाजारात धंदा करते, मुलींना शाळेत घालते. मुलगे मोठे करणारी न्नू एगो मात्र रस्त्याच्या कडेला एकटी मरते.

कोण सुटलं, ते मोजा. आयसातू सुटली, अडाकू सुटली. शिक्षणाने आणि स्वतःच्या कमाईने. नवऱ्याच्या पुरोगामीपणाने एकही सुटलेली नाही. कायद्याचंही तेच. सेनेगलच्या १९७२च्या कुटुंब कायद्यात एकच बायको की चारपर्यंत, हे निवडायचं पुरुषाने. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याने, जो बौद्धांनाही लागू आहे, १९५५ला दुसरी बायको बंद केली. तरी वस्तीत 'दुसरं घर' असलेले कार्यकर्ते मला दाखवायला लावू नका. कायदा पाहिजेच. पण ज्या बाईच्या हातात पगार नाही ती कोर्टाची पायरी चढणार कशाच्या जोरावर?

आधी जात जाऊ दे, मग बायकांचं बघू, हे ऐकून कान किटले. आयसातूच्या घरात जात आणि सवत एकाच दाराने आत आली. त्यातली आधी कुठली हाकलायची, हे तिने कुणाला विचारायचं?

तेव्हा पुढच्या मिटिंगला येताना जगभरच्या क्रांतीचे दाखले नंतर द्या. घर कुणाच्या नावावर आहे, बायकोचा पगार कुणाच्या खिशात जातो, बहिणीची शाळा कुणी सोडवली, ह्याची उत्तरं आधी घेऊन या.