विद्यार्थ्याच्या मापाची शाळा

‘हल्लीच्या मुलांना शिकण्याची गोडीच नाही,’ हे वाक्य स्टाफरूमपासून एस.टी. स्टँडवरच्या बाकापर्यंत कुठेही ऐकू येते. प्रत्येक पिढीने ते खाली मान घालून ऐकले आणि पुढच्या पिढीला ऐकवले. परंतु ज्या शाळेची गोडी लागावी असे आपण म्हणतो, ती शाळा कोणाच्या सोयीने उभी आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

सातारकरांनी तरी ते विचारायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली ती साताऱ्यास आणली. खेड्यातल्या पोराला शिकावेसे वाटत होतेच; अडत होते ते राहण्याजेवणापाशी आणि शिवाशिवीपाशी. कर्मवीरांनी हे ओळखले आणि आधी वसतिगृह काढले. धनिणीच्या बागेत सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली, स्वतः रांधू लागली, राबून शिकू लागली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा गेले. (आपण जयंतीला हार घालतो आणि सुट्टी केव्हा सुटते ते पाहतो, हा भाग निराळा!)

हा धागा पुढेही तुटला नाही. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी शाळेत न टिकणाऱ्या मुलांना वाचायला शिकवताना सबंध मुळाक्षरे पाठ करून घेण्याचा क्रमच मोडला. थोडी अक्षरे, थोड्या काना-मात्रा, आणि लगेच मुलाच्या ओळखीचा शब्द! आपल्याला वाचता येते हे मुलाला पहिल्या काही दिवसांतच कळले, तर गोडी आणखी कुठून आणायची? कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या सुमारे ४० शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे व त्यांच्या शिक्षकांनी वर्गातली फरशीच फळा केली. मुले गटागटाने तिच्यावर बसून आकडे मांडू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत. हे सारे सरकारी पगारावरच्या शिक्षकांनी केले, हे विशेष.

कोणी म्हणेल, मुलांच्या कलाने घेतले तर ती शेफारतील. पण कर्मवीरांच्या वसतिगृहातला दिवस आपल्यापैकी कितीजणांना झेपेल? तिथे कष्ट अधिकच होते. फक्त ते कशासाठी, हे मुलाला ठाऊक होते.

उलट आजचे पाहा. दिवाळीच्या सुमारास बीडकडचे कोयते वाळव्यात, कऱ्हाडात उतरतात. बरोबर मुले असतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू झालेले, आणि उसाचा हंगाम ऐन त्याच्या मध्यावर! गावी हंगामी वसतिगृह असले तर मूल मागे राहते. नसले तर पाचटात खेळते. त्याला ‘गोडी नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि आपले महाविद्यालय? माण-खटावकडून, जतकडून येणाऱ्याची पहिली गाडी पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असतो. पुढे ७५ टक्के हजेरीची नोटीस लागते. वेळापत्रक लावताना समिती प्राध्यापकांचे तास पाहते, खोल्या पाहते. येत्या जूनमध्ये तिने एस.टी.चे वेळापत्रकही टेबलावर घ्यावे आणि गावाहून येणारे दोन विद्यार्थी त्या बैठकीला बसवावेत. त्याला खर्च एका चहाचा आहे.